एकवीस वर्षांच्या मुलीची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि नंतरची दोन वर्षे : यवतमाळ जिल्ह्यातील एक प्रकरण

मे २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमारास, बाह्यरुग्ण विभाग आटोपत आलेला असताना एका एकवीस वर्षांच्या मुलीला तिची आई आणि भाऊ दोन्ही बाजूंनी धरून माझ्या खोलीत घेऊन आले. आठ दिवसांपूर्वीच मी तिला तपासले होते आणि त्या वेळी ती आपल्या पायांनी चालत आली होती. फरशीच्या जोडरेषेवरून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालून दाखव, असे मी तिला सांगितले. दुसऱ्याच पावलाला ती डावीकडे कलली आणि तिने टेबलाचा कोपरा पकडला. पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, असे ती म्हणाली. मी माझे बोट तिच्या डोळ्यांसमोरून बाजूला नेले, तेव्हा कडेला पोहोचलेली तिची बुबुळे तिथे ठरत नव्हती, बारीक झटके देत मागेपुढे होत होती. आठ आठवड्यांपूर्वी नागपुरात तिच्या जठराची शस्त्रक्रिया झाली होती आणि गेले चोवीस दिवस तिला रोज पाच-सहा उलट्या होत होत्या.

तिच्या शस्त्रक्रियेत काहीही चुकले नव्हते, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. टाके व्यवस्थित होते, गळती नव्हती, वजन अपेक्षेप्रमाणे उतरत होते. तरीही ती कायमची अधू होण्यापासून फार तर काही दिवसांच्या अंतरावर होती. रुग्णालयातून मिळालेले सुट्टीचे कार्ड आणि घरातली चूल यांच्यामध्ये जी जागा मोकळी राहिली होती, त्या जागेत हे घडले. ही जागा माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरने भरायची असते, आणि पहिल्या भेटीत मी ती भरली नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवावेसे वाटले. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची संमती मी घेतली आहे. गाव, आडनाव आणि ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी

घर नऊ माणसांचे. पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर, अलीकडे थोडे सोयाबीन. मुलगी लहानपणी बाळसेदार होती, तेव्हा सगळ्यांना कौतुकच होते. अंगाने भरलेले मूल म्हणजे खात्यापित्या घरचे, ही समजूत आमच्या भागात अजून पक्की आहे आणि ज्या घराने आजोबांच्या काळी दुष्काळ पाहिला, त्या घराला ती सोडवतही नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी आली आणि पुढे दोन-दोन, तीन-तीन महिने येईनाशी झाली. मानेवर आणि काखेत काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसू लागला. आई तो मळ समजून दगडाने घासत असे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण आहे, हे घरातल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण शाळेच्या आरोग्य तपासणीत ती चार वेळा तरी कोणाच्या तरी डोळ्यांखालून गेली असणार, याची मला खंत वाटते.

दहावीच्या वर्षी घडलेली एक गोष्ट तिने मला फार उशिरा, ओळख झाल्यावर सांगितली. कापूस मोजायचा काटा अंगणात लावलेला होता. व्यापाऱ्याची माणसे बसली होती. नात्यातल्या एकाने गमतीत तिला काट्यावर उभे केले आणि आकडा मोठ्याने वाचला. तो आकडा ८४ होता. त्या दिवसापासून ती शेतात गेली नाही, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात उभी राहिली नाही, कॉलेजला जातानाही सगळ्यांत आधीची एसटी पकडायची, म्हणजे दोघांच्या बाकावर शेजारी कोणी बसण्याचा प्रश्न येत नसे. पहाटे साडेपाचला उठून आईला डबा करायला लावण्यामागचे कारण आईला अभ्यासाची ओढ वाटत होते.

वजन कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. रात्रीचे जेवण बंद, सकाळी लिंबू-मध, नंतर तालुक्याच्या एका एजंटाकडून घेतलेली पावडर, जिच्यापायी दर महिन्याला जवळपास पाच हजार रुपये जात होते. पावडरीवर सात महिन्यांत नऊ किलो उतरले आणि पावडर परवडेनाशी झाल्यावर वर्षभरात तेरा किलो चढले. लोकांनी तिला आळशी ठरवले. वस्तुस्थिती अशी आहे की वजन उतरू लागले की शरीर ते संकट समजते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा कमी होते आणि माणूस पूर्वीपेक्षा अधिक भुकेला होऊन पूर्वीपेक्षा कमी जाळू लागतो. एवढ्या टोकाच्या वजनात केवळ आहार-व्यायामाने उतरलेले वजन वर्षानुवर्षे टिकवून धरणारे लोक फार थोडे असतात, आणि जे धरू शकत नाहीत त्यांची इच्छाशक्ती तोकडी असते असे म्हणणे अन्यायाचे आहे.

नागपूरला दाखवले तेव्हा उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४६. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.८ टक्के होती. ६.५ च्या वर मधुमेह धरतात, म्हणजे विशीतच तिला मधुमेह झाला होता. झोपेत श्वास अडखळत होता. आजीच्या शेजारी झोपत असल्याने घोरता-घोरता मध्येच येणारी शांतता आजीनेच पहिल्यांदा हेरली होती. अशा शस्त्रक्रियेसाठी १९९१ पासून चालत आलेला जागतिक निकष बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५ असा होता. आपल्याकडे कमी वजनालाही मधुमेह गाठतो, म्हणून भारतीय शल्यचिकित्सक अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ धरत आले होते. २०२२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे उंबरठे आणखी खाली आणले. कोणताही निकष लावला तरी ही मुलगी त्यात बसत होती. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने भारतात आली ती २०२५ मध्ये. तेव्हा हा पर्याय तिच्यासमोर नव्हता. इतक्या लहान वयात पोट कापून घेणे योग्य होते का, असे मला अनेकांनी विचारले. माझ्या मते योग्य होते, आणि वीस वर्षे थांबून चाळिशीतल्या बाईचे गुडघे आणि मधुमेह घेऊन गेली असती तर ते अधिक अयोग्य झाले असते.

खर्च सव्वातीन लाख आला. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० असल्यास, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली अशी शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नाही. पण त्यासाठी मुळात विमा असावा लागतो. भाऊ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याच्या कंपनीच्या गटविम्यात आईवडील होते, बहीण नव्हती. वडिलांनी एक जोडी बैल विकले आणि उरलेली रक्कम मामाकडून आणली.

शस्त्रक्रिया

तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांवाटे, जठराचा बाहेरच्या कडेचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपलरने वेगळा करून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे एका लहान वाटीएवढे मावते. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमट असतो आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होते, त्यामुळे जागा कमी होते आणि भूकही मंदावते. बायपास या दुसऱ्या प्रकारात आतड्याची जोडणीच बदलतात. त्यात मधुमेहावर परिणाम अधिक असतो, पण जीवनसत्त्वांची कमतरता अधिक होते आणि आयुष्यभराची देखरेख अधिक काटेकोर लागते. गाव दूर, तपासण्यांची सोय नाही, हे पाहून नागपूरच्या शल्यचिकित्सकांनी स्लीव्ह निवडली. ती निवड मला समंजस वाटते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, आणि यवतमाळमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून ती भाड्याच्या गाडीने गावी परतली.

चोवीस दिवस

सुट्टीच्या कार्डाला जोडलेला आहारतक्ता मी नंतर पाहिला. तो इंग्रजीत होता. पहिला आठवडा पाण्यासारखे पातळ पदार्थ, दुसरा आठवडा दाट द्रव, मग वाटून केलेले मऊ अन्न, सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर हळूहळू नेहमीचे जेवण, हा क्रम बिनचूक दिलेला होता. पण पदार्थांच्या रकान्यात ब्रोकोलीचे सूप, टोफू, ग्रीक योगर्ट आणि ओट्स होते. वरण, मठ्ठा, आंबील, मुगाचे कढण यांतले काहीच नव्हते. आईने तो कागद देवघरातल्या फोटोमागे जपून ठेवला होता, इतका जपून की तो कोणी वाचलाच नाही.

पहिले तीन आठवडे रुग्णालयातून फोन येत होते, तोवर सगळे ठीक चालले. चौथ्या आठवड्यात फोन थांबले आणि घरातल्यांची काळजी वाढली. एवढ्या मोठ्या पोरीने दिवसभर दोन वाट्या पातळ वरणावर राहावे, हे आजीला पाहवेना. "दोन घासानं काय होते, मॅडम? लेकराचं पोट रिकामं राह्यते," असे आजी मला नंतर म्हणाली, आणि तिच्या आवाजात अपराधापेक्षा अजूनही काळजीच जास्त होती. वरणात भाकरी कुस्करून काला दिला गेला. मग चून-भाकर. ज्वारीची भाकरी चांगली आहे, पण नव्या टाक्यांच्या अरुंद नळीत, चौथ्या आठवड्यात, घाईने गिळलेला तिचा गोळा पुढे सरकत नाही. तो अडला की छातीत दाटते, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते. उलटी झाली की घरचे म्हणत, पोटात काही राहिले नाही, पुन्हा खा.

त्यात वैशाख. त्या वर्षी विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता आणि दुपारी वीज जायची. अशा माणसाने दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी प्यायचे असते, पण एका वेळी दोन-तीन घोटच घेता येतात, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी टाळायचे असते, आणि तहानलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले तर तेही उलटून येते. तहान लागायची, ती तांब्या लावायची, उलटी व्हायची, पुन्हा तहान लागायची. उलट्यांबरोबर गोळ्याही पडू लागल्या, म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद केल्या गेल्या. पाठोपाठ संपल्याही होत्या आणि तालुक्यात तशा चघळायच्या गोळ्या मिळत नव्हत्या.

गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात तिला एक दिवसाआड सलाइन लावत होते. ते ग्लुकोजचे होते. सलाइन लागले की दोन-तीन तास बरे वाटायचे आणि घरच्यांचा विश्वास बसायचा. उलट्यांच्या सोळाव्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा मी जीभ पाहिली, रक्तदाब घेतला, पोट दाबून पाहिले, उलटी थांबवण्याची गोळी लिहून दिली आणि गरज पडल्यास सलाइन चालू ठेवा असे सांगितले. ऑपरेशननंतर उलट्या होतातच, हे वाक्य आईने उच्चारले आणि मी मान डोलावली. ती मान मला आजही आठवते.

जे मला तेव्हा आठवायला हवे होते, ते असे. थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, शरीरात फार साठत नाही. अन्न जवळजवळ बंद झाले आणि वरून उलट्या होत असल्या तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. मेंदू आणि नसा ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवतात ती थायमिनच्या मदतीने. साठा संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज सोडले की उरलेसुरले थायमिन त्यातच खर्ची पडते आणि मेंदूची अवस्था बिघडते. डोळ्यांची बुबुळे थरथरणे, चाल झोकांडणे आणि बुद्धीला भ्रम होणे, ही वेर्निके नावाच्या विकाराची लक्षणे. ती वेळेत ओळखली तर माणूस सावरतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. दारूच्या व्यसनात हा विकार होतो, हे प्रत्येक डॉक्टर शिकतो. व्यसनाचा वाराही न लागलेल्या, अजून चांगली जाडजूड दिसणाऱ्या मुलीला तो होईल, हे डोळ्यांना पटत नाही. कुपोषण आपण हाडे दिसणाऱ्या शरीरात शोधतो. ती त्या दिवशी ९६ किलोची होती आणि कुपोषित होती.

आठ दिवसांनी ती फरशीच्या रेषेवर कलली तेव्हा मात्र ओळख पटायला वेळ लागला नाही. समोरच्या औषध दुकानात थायमिनच्या इंजेक्शनच्या नऊ कुप्या होत्या, त्या सगळ्या आणल्या. आधी थायमिन शिरेतून, मोठ्या मात्रेत, दिवसातून तीनदा. ग्लुकोज पूर्ण बंद, त्याऐवजी साधे मिठाचे सलाइन. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढणे. नागपूरच्या शल्यचिकित्सकांना फोन केला. त्यांनी त्याच क्षणी निदान मान्य केले आणि पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा द्या असे बजावले. तिला तिथे हलवल्यावर दुर्बिणीने पाहिले, जठराची नळी कुठेही अरुंद झालेली नव्हती. उलट्यांना कारणीभूत होती ती खाण्याची घाई, घट्ट घास आणि उन्हाची तहान.

बुबुळांची थरथर दोन दिवसांत गेली. चाल सुधारायला तीन आठवडे लागले. तळव्यांची आग दिवाळीपर्यंत टिकली आणि घोट्याचा प्रतिक्षेप, म्हणजे टाचेमागे हातोडी टेकताच पाऊल आपोआप हलणे, पुढच्या उन्हाळ्यात परत आला. भ्रमाची पायरी आलीच नव्हती, हे तिचे आणि माझेही नशीब.

घरातले ताट

जूनमध्ये ती परतल्यावर मी तिच्या घरी गेले, कारण हा प्रश्न दवाखान्यात बसून सुटण्यासारखा नव्हता. वडील ओसरीवर बसले होते. "ऑपरेशन झालं म्हणजे पोरगी बरी झाली, असंच आमाले वाटलं, मॅडम. पुढं अजून काई करा लागते, हे आमच्या ध्यानातच आलं नाई," असे ते म्हणाले. बैलजोडी विकणाऱ्या माणसाने असे समजणे अगदी स्वाभाविक आहे. एवढे मोठे दिल्यावर काम पूर्ण झाले असे वाटणारच.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आजी, आई, मोठी आई म्हणजे थोरली काकू, आणि ती. मी इंग्रजी तक्ता बाजूला ठेवला आणि घरात काय शिजते ते विचारत गेले. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने तिच्या पोटात गेली पाहिजेत, ही एकच गोष्ट मी धरून ठेवली, कारण प्रथिने कमी पडली की चरबीऐवजी स्नायू झडतात. घट्ट वरणाची वाटी सात-आठ ग्रॅम, अंडे सहा, दह्याची वाटी तीन-चार. अंड्याचा प्रश्न आजीने स्वतःच सोडवला : घरातल्या चुलीवर नाही, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजेल. मग मी सोयाबीनचे विचारले. कोपऱ्यात पोती होती. गेली कित्येक वर्षे हे घर सोयाबीन पिकवते, बाजार समितीत नेऊन विकते आणि एक दाणाही खात नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून अधिक प्रथिने असतात. कच्चे पचत नाही, म्हणून भिजवून, उकडून, वाळवून, भाजून दळायचे, आणि ज्वारीच्या किंवा बेसनाच्या पिठात पाचव्या हिश्श्याने मिसळायचे, असे ठरले. आजीने त्याच पिठाची धिरडी घातली आणि पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांनी खाल्ली. मुलीच्या बाबतीत घरात पहिल्यांदाच असे झाले की तिच्यासाठी काही वेगळे शिजले आणि ते सगळ्यांच्या ताटात गेले.

दळण्या-शिजवण्यापेक्षा अवघड होते ते थांबणे. घास सुपारीएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, एका जेवणाला वीस-तीस मिनिटे, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवणे. आमच्याकडे वाढणारी बाई ताटातल्या माणसाचे पोट ठरवते. आग्रह हा प्रेमाचा भाग आहे आणि तो मोडायला सांगणे म्हणजे आजीला नातीवर प्रेम करू नको असे सांगण्यासारखे होते. मी तसे सांगितले नाही. मी आजीला घड्याळ दिले. वीस मिनिटांच्या आत ताट उचलू द्यायचे नाही आणि त्या वेळात दुसऱ्यांदा वाढायचे नाही, हे काम तिच्याकडे सोपवले. आजीने ते इतक्या कसोशीने केले की सासरवाडीला आलेल्या जावयालाही तिने एकदा "हळू जेवा" म्हणून बजावले.

वडिलांनी एक काम आपणहून केले. त्यांनी एक लिटरची स्टीलची बाटली आणली, आतून शंभर-शंभर मिलिलिटर मोजून पाणी ओतले, आणि बाहेरून प्रत्येक पातळीला खिळ्याने रेघ ओढली. एका तासात एक रेघ उतरायची. दुपारी शेतातून आल्यावर ते बाटली उचलून पाहत आणि काही न बोलता परत ठेवत. त्या दहा रेघांतल्या काही तिरप्या गेल्या आहेत, एकीचा खिळा घसरून लांब ओरखडा पडला आहे. बाटली ती अजून वापरते.

ज्येष्ठा गौरी, म्हणजे आमच्याकडच्या महालक्ष्म्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले होते. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील आणि पन्नास माणसांची पंगत. तिने मला आदल्या दिवशी फोन करून विचारले, काय खाऊ? खाण्याला घाबरणारी माणसे मी पाहिली आहेत. हिचा प्रश्न वेगळा होता : पंगतीत बसून ताटात अर्धे टाकले तर लोक काय म्हणतील? आम्ही ठरवले की ती पंगतीत बसेल, पण वाटीत आधी ज्वारीची आंबील घेईल. आंबील पातळ, आंबवलेली आणि ताकातली, त्यामुळे सहज उतरते, आणि नैवेद्याचीच असल्याने तीच का खातेस असे कोणी विचारत नाही. पुरणपोळीचा एक सुपारीएवढा तुकडा तिने खाल्ला. एका मावशीने "पैसे टाकून बारीक झाली आणि आता देवाचं अन्न टाकते" असे म्हटले. आजीने तिथल्या तिथे उत्तर दिले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दोन वर्षांत

चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मुठीने गळाले. वेगाने वजन उतरताना असे होते आणि पुढे केस परत येतात, हे आधी सांगून ठेवले असल्याने घर घाबरले नाही. आधी सांगितलेली गोष्ट किती हलकी होते, याचा मला या एका बाबतीत पुरेपूर अनुभव आला. पाळी तिसऱ्या महिन्यापासून नियमित झाली. वर्षाच्या शेवटी वजन ७८ किलो होते आणि एचबीएवनसी ५.४. घोरणे थांबले, असे आजीने प्रमाणित केले. नोव्हेंबरमध्ये सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू झाली, तेव्हा ती दहावीनंतर पहिल्यांदा शेतात उतरली आणि दुपारपर्यंत चौदा किलो कापूस वेचून आली. तो काट्यावर तिनेच मोजला आणि आकडाही तिनेच मोठ्याने वाचला. हे तिच्या भावाने मला सांगितले. तिने नाही.

अडचण आली ती लग्नाच्या बोलण्यांतून. वजन उतरताच स्थळे येऊ लागली आणि तुळशीच्या लग्नानंतर उरकून टाकावे असे आईच्या मनात होते. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळावे लागते, कारण त्या काळात शरीर झपाट्याने रिकामे होत असते आणि बाळाला लोह, फॉलिक आम्ल, बी-ट्वेल्व्ह कमी पडते. शिवाय पाळी नियमित झाल्यामुळे दिवस राहण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच वाढलेली असते. सासरी गेलेल्या नव्या सुनेला दीड वर्ष थांबायचे आहे हे सांगण्याची मोकळीक किती घरांत मिळते? मी आईला हाच प्रश्न विचारला आणि लग्न पुढे गेले. ऑपरेशनची गोष्ट लपवावी, असे मोठ्या काकांचे मत होते. मुलीने ते साफ नाकारले. पोटावरचे पाच व्रण, रोजच्या गोळ्या आणि वाटीभर जेवण लपवून संसार कसा करायचा, असे तिचे म्हणणे होते. एका स्थळाने हे ऐकून नकार कळवला. ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला गेली.

मनाच्या बाजूकडे सगळ्यांचेच, माझेही, कमी लक्ष गेले. शस्त्रक्रियेपूर्वीची मानसोपचारतज्ज्ञांची भेट दहा मिनिटांची होती. उदास झाले की खायचे, ही सवय तिला सातवीपासून होती आणि जठर लहान झाले तरी उदासी तेवढीच राहिली. सातव्या-आठव्या महिन्यात ती संध्याकाळी गच्चीवर जाऊन रडत असे. शेव-चिवडा तोंडात ठेवून चघळायची आणि थुंकून टाकायची, हे तिने स्वतःहून सांगितले तेव्हा मी तिला यवतमाळला मानसोपचार विभागात पाठवले. महिन्यातून एकदा, वर्षभर ती जात राहिली. हा खर्च आणि हा वेळ शस्त्रक्रियेच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

मार्च २०२४ मध्ये दोन वर्षे पूर्ण झाली. वजन ८१ होते, म्हणजे सर्वांत कमी नोंदीपेक्षा तीन किलो जास्त. त्या तीन किलोंनी ती हादरली होती. दुसऱ्या वर्षानंतर थोडे वजन परत येणे अपेक्षित असते आणि मूळच्या ११२ पैकी एकतीस किलो अजून उतरलेलेच आहेत, हे मी कागदावर लिहून दाखवले. मला काळजी वेगळी होती. लोहाचा साठा आणि बी-ट्वेल्व्ह दोन्ही खाली आले होते, कारण कापसाचे भाव पडल्यापासून तिने कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती आणि कोणाला सांगितले नव्हते. या गोळ्यांचा खर्च महिन्याला सहाशे-सातशे रुपये येतो. आता लोह आणि फॉलिक आम्ल सरकारी पुरवठ्यातून देतो, बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन रुग्णालयातच दर महिन्याला होते आणि घरच्यांना फक्त कॅल्शियम आणि बहुजीवनसत्त्व विकत घ्यावे लागते. आमच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कपाटात तेव्हापासून थायमिनच्या वीस कुप्या कायम ठेवलेल्या असतात, आणि उलट्या होणाऱ्या कोणत्याही रुग्णाला ग्लुकोज लावण्यापूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हा प्रश्न परिचारिकाच विचारतात.

रक्ताच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी व्हायच्या आहेत. पुढची सप्टेंबरमध्ये येते. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयवर आईने दुधाच्या हिशेबाशेजारी आणि सोयाबीन फवारणीच्या तारखेखाली पेनाने "रक्त" एवढाच शब्द लिहून त्याभोवती गोल केला आहे.